तीन अर्धवट प्रती, एक अख्खा भाग

प्रश्न : माझा मुलगा मेलबर्नला असतो. त्याच्या शेजारी ऐंशी पार केलेले एक गृहस्थ राहतात. ‘आमचं मूळ गाव अहमदनगर’ असं मुलाने सांगताच ते म्हणाले, ‘म्हणजे स्पाइक मिलिगनचं गाव!’ आणि लगेच त्यांनी मोबाइलवर एक जुना विनोदी कार्यक्रम लावला. कार्यक्रम रेडिओवरचा, सत्तर वर्षांपूर्वीचा, पण आवाज खणखणीत. मुलाला फारसं कळलं नाही, शेजारी मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. हे मिलिगन खरंच आमच्या नगरचे का? आणि एकदा वाजून हवेत विरलेली गोष्ट इतकी वर्षं जपली कोणी? बीबीसीने?
— एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर

उत्तर : गुरुजी, मिलिगन नगरचेच. टेरेन्स ॲलन मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी तुमच्या गावात झाला. वडील आयरिश, ब्रिटिश फौजेत तोफखान्यावर. फौजीच्या पोराचं बालपण बदलीच्या हुकमावर चालतं, तसं यांचंही चाललं. काही वर्षं पुण्याच्या कॅम्पात, मग रंगूनला, आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला लष्करात कपात झाली तेव्हा बोटीने थेट इंग्लंडला. पुढे १९६०च्या दशकात तिकडचे कायदे बदलले आणि जन्म हिंदुस्थानातला म्हणून ब्रिटिश पासपोर्टाला खोडा बसला. ज्या माणसाने त्या देशाच्या बाजूने लढून इटलीत जखमा झेलल्या, त्याला आता कागदं दाखवा म्हणाले. मिलिगन चिडले आणि आयरिश नागरिक होऊन मोकळे झाले. थोडक्यात, नगरच्या मातीने त्यांना पासपोर्टाच्या खिडकीपर्यंत सोडलं नाही.

मुलाने ऐकला तो कार्यक्रम ‘द गून शो’. २८ मे १९५१ रोजी तो बीबीसीच्या होम सर्व्हिसवर ‘क्रेझी पीपल’ या नावाने सुरू झाला आणि २८ जानेवारी १९६० रोजी संपला. दहा मालिका, दोनशेहून अधिक भाग. लिहिणारे मुख्यतः मिलिगन, जोडीला कधी लॅरी स्टीफन्स, कधी एरिक साइक्स. बोलणारे मिलिगन, पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम. मायकेल बेंटीन हे चौथे गडी पहिल्या दोन मालिकांनंतर बाहेर पडले. तीन माणसं मिळून दोन डझन आवाज काढत. दर आठवड्याला अर्धा तास हे लिहिण्याचा ताण इतका होता की १९५२च्या अखेरीस मिलिगन मनाने कोसळले आणि त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं.

या कार्यक्रमाचं वेड समजायचं तर तो नाटकासारखा ऐकून चालत नाही. रेडिओवर काहीच दिसत नाही, म्हणजे काहीही दाखवता येतं, हे या लोकांनी ओळखलं. शेक्सपिअर बोलावा अशा ऐटीत बातम्या वाचणारा बीबीसीचा निवेदक वॉलेस ग्रीन्स्लेड तितक्याच गंभीरपणे अशक्य गोष्टी जाहीर करायचा. आवाजांसाठी तर मिलिगनचा हट्ट दांडगा. एक किस्सा नेहमी सांगितला जातो. त्यांना काहीतरी लिबलिबीत आदळल्याचा आवाज हवा होता. त्यांनी बीबीसीच्या कँटीनमधून कस्टर्ड मागवलं. कँटीनमधल्या बाईंना वाटलं, बिचाऱ्याचं पोट बिघडलंय, म्हणून त्यांनी मायेने ताजं शिजवून आणलं. मिलिगननी ते पायमोज्यात ओतलं आणि मोजा गरागरा फिरवून फळीवर आपटला. बाईंच्या चेहऱ्याचं ध्वनिमुद्रण झालं असतं तर तेही आज कोणीतरी जपलं असतं.

आता जपणुकीकडे येतो. बीबीसीने जपलं का? तुमच्याजागी मीही तसंच धरून चाललो असतो. पण १९५०च्या सुरुवातीला रेडिओच्या कार्यक्रमाला वर्तमानपत्राची किंमत होती. आजचा अंक उद्या वाण्याकडे पुड्या बांधायला. फीत महाग, ती पुसून पुन्हा वापरता येते, मग पुसायची. नट आणि वादकांच्या संघटनांशी झालेले करार असे की मनात येईल तेव्हा पुनर्प्रसारण करता येत नसे. जे पुन्हा वाजवायचंच नाही ते कपाटात कशाला? परिणाम असा की पहिल्या तीन मालिकांतलं आज जवळजवळ काहीच हाती नाही. मिलिगन वेडे होईतो लिहीत होते ती वर्षं आपल्यासाठी मुकी आहेत.

उरलेलं वाचलं ते तुमच्या मुलाच्या शेजाऱ्यासारख्या लोकांमुळे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. बीबीसीचा एक वेगळा विभाग होता, ट्रान्स्क्रिप्शन सर्व्हिस. निवडक कार्यक्रम तबकड्यांवर कापून परदेशी नभोवाणी केंद्रांना विकणं हे त्याचं काम. ‘गून शो’ त्या वाटेने ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिकेला पोचला. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी नभोवाणीने तर तो दशकानुदशकं पुन्हा पुन्हा वाजवला. लंडनमध्ये हा कार्यक्रम बापाच्या पिढीची आठवण होऊन गेला होता, तेव्हा मेलबर्नमधली शाळकरी पोरं वर्गात कार्यक्रमातल्या ब्लूबॉटल या पात्राच्या आवाजात बोलत होती. परदेशी विक्री इतकी बरी चालली की चौथ्या मालिकेतल्या काही जुन्या संहिता १९५७-५८मध्ये नव्याने ध्वनिमुद्रित केल्या गेल्या. त्यांना ‘व्हिंटेज गून्स’ म्हणतात. मूळ भाग गेले आणि त्यांच्या जागी हे जुळे भाऊ उरले.

तबकड्यांचा आवाज स्वच्छ. पण एक गोम होती. परदेशी केंद्रासाठी कार्यक्रम तयार करताना कात्री चालायची. ब्रिटनबाहेर कोणाला कळणार नाही अशी कोपरखळी काढा, जरा चावट वाटतंय ते काढा, वेळेत बसत नाही ते काढा. शिवाय करार असा की ठरलेली मुदत संपली की तबकडी नष्ट करायची. ती करायला सांगितलेल्या माणसांपैकी काहींनी ती घरी नेली. त्यांचे उपकार कोणत्या कायद्याखाली मानायचे हा प्रश्न मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी राखून ठेवतो.

दुसऱ्या प्रती निघाल्या घराघरांतून. १९५०च्या दशकाच्या मध्याला फितीचं यंत्र काही मध्यमवर्गीय ब्रिटिश घरांत आलं होतं. हौशी पोरं रेडिओच्या पुढे मायक्रोफोन धरून बसत, थोडी जाणती असली तर थेट तार जोडत. या फितींत सगळं काही असतं, कापलेले विनोद, मधली गाणी, प्रेक्षकांचा हशा, आणि त्याबरोबर ‘चहा झालाय’ म्हणून आईने मारलेली हाकही. आवाज मात्र मध्यम लहरींवरचा, खरखरीत, मधेच परक्या स्टेशनची शिट्टी. माझ्या लहानपणी आकाशवाणीवरचं एक नभोनाट्य मी असंच कॅसेटवर घेतलं होतं. त्यावर आमच्या आत्याने गणपतीच्या आरत्या भरल्या. आत्याला दोष देत नाही, नवी कॅसेट तेव्हा परवडत नसे. पण तिसऱ्या आरतीनंतर अजूनही दोन सेकंद एका नटाचा श्वास ऐकू येतो.

तिसरी प्रत म्हणजे कागद. टंकलिखित संहितेत सगळे शब्द असतात, पण सेलर्स ऐन वेळी काय बोलून गेला ते नसतं. बाजूला ‘ग्रॅम्स’ लिहिलेलं दिसतं, म्हणजे इथे तबकडीवरचा आवाज वाजवा. तो आवाज नेमका कसा होता, किती वेळ चालला, लोक त्यावर किती हसले, हे कागदाला ठाऊक नसतं.

म्हणजे बघा, तबकडीत आवाज आहे पण मजकूर तोकडा, घरच्या फितीत मजकूर आहे पण आवाज फाटका, आणि कागदात शब्द आहेत पण जीव नाही. एकाही प्रतीत कार्यक्रम नाही. चाहत्यांचं काम या तिन्ही एकाच टेबलावर आणण्याचं. हे काम ऐकायला सोपं वाटतं, पण हाताळणारे म्हणतात की सर्वात आधी भांडण होतं ते वेगाचं. प्रत्येक यंत्र आपल्या तालात चालतं. तबकडीवरचं वाक्य आणि फितीवरचं वाक्य जोडलं की सीकोम वाक्याच्या मध्यावर अचानक मामा-भाच्यांच्या वयाइतका बदलतो. त्यावर एक सुंदर उपाय आहे. ब्रिटनमधली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, आपल्याकडेही तितकीच. घरच्या यंत्रांत तिची बारीक घुंई फितीवर उतरते. ती आज मोजली आणि ४८ भरली, तर फीत मुळापेक्षा चार टक्के संथ वाजतेय. ज्या गुणगुणीला आयुष्यभर शिव्या दिल्या तीच मोजपट्टी होते. वेग जुळला की मग घुंई काढून टाकायची, शिडीवरून चढून शिडी काढावी तशी.

या कामातलं सर्वात नावाजलेलं नाव टेड केंडल यांचं. बीबीसीने काढलेल्या ‘गून शो’च्या सीडी-संचांसाठी त्यांनी तबकड्या, जुन्या फिती आणि घरगुती ध्वनिमुद्रणं ताडून कापलेले तुकडे पुन्हा जागच्या जागी बसवले. लक्ष देऊन ऐकलं तर सांधा जाणवतो. स्वच्छ खोलीतून क्षणभर पावसात गेल्यासारखा आवाज मंदावतो, कोणीतरी एक वाक्य बोलतं, लोक हसतात, आणि आपण पुन्हा खोलीत येतो. तो पावसातला विनोद पन्नास वर्षं कोणाच्या तरी माळ्यावर पडून होता. मला तर सांधा लपला नाही याचाच आनंद वाटतो.

संघटित काम १९७२ साली सुरू झालं. त्या वर्षी बीबीसीच्या पन्नाशीनिमित्त तिघे म्हातारे गडी एकत्र आले आणि ३० एप्रिलला ‘द लास्ट गून शो ऑफ ऑल’चं ध्वनिमुद्रण झालं. आजचे राजे चार्ल्स तेव्हा राजपुत्र आणि कट्टर चाहते. त्यांना येता आलं नाही म्हणून त्यांनी तार पाठवली, ती कार्यक्रमात वाचून दाखवली गेली. त्याच वर्षी ‘गून शो प्रिझर्वेशन सोसायटी’ स्थापन झाली. नावातच संवर्धन आहे हे लक्षात घ्या. नुसतं चाहते मंडळ काढायचं असतं तर सहीचे फोटो वाटून काम भागलं असतं. हे लोक मात्र कोणत्या भागाची कोणती प्रत कुठे आहे, तिच्यात किती सेकंद कमी आहेत, याच्या याद्या करत बसले. उदाहरण द्यायचं तर १९५५च्या जानेवारीत ‘१९८५’ नावाचा भाग झाला, बीबीसीच्याच दूरचित्रवाणीवर नुकत्याच गाजलेल्या ऑर्वेलच्या ‘१९८४’ची टर उडवणारा. तो इतका गाजला की पुढच्याच महिन्यात त्यांनी तो पुन्हा नव्याने सादर केला. संहिता तीच, प्रयोग दोन, हशाच्या जागा वेगळ्या. यादी करणारा सावध नसेल तर यातला एक गुपचूप नाहीसा होतो.

मग इंटरनेट आलं आणि टपालाने फिरणारी रिळं तारेत शिरली. पहिल्या काळात आवाज पाठवणं जड होतं म्हणून लोक शब्द पाठवत. कोणी कान लावून एक भाग उतरवून काढायचा, प्रत्येक दरवाजा, प्रत्येक स्फोट कंसात टाकायचा, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा कोणीतरी दुरुस्ती सुचवायचा की तो स्फोट नव्हे, मेजर ब्लडनॉकचं पोट. (हे पोट प्रसिद्ध आहे. हिंदुस्थानात नोकरी करून आलेला हा मेजर, रस्सा खाऊन त्याच्या पोटात जे काय व्हायचं त्याचा आवाज बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपने खास तयार केला होता.) पुढे एमपी३ आलं. हिशेब करून बघा. अर्ध्या तासाचा भाग सेकंदाला ३२ किलोबिट या दराने दाबला तर सुमारे ७.२ मेगाबाइट होतो. २८.८ किलोबिटच्या मोडेमवर तो उतरायला, तार मधे तुटली नाही तर, तेहतीसेक मिनिटं. म्हणजे कार्यक्रम ऐकायला लागतो त्याहून किंचित जास्त वेळ तो घरी यायलाच लागे. हे करणारी माणसं फुकट्या करमणुकीसाठी बसली नव्हती, एवढं तरी मान्य कराल.

प्रश्न (त्याच पत्रातून) : पण दुसऱ्याची निर्मिती अशी परस्पर वाटणं ही चोरी नाही का?

उत्तर : शाळेत कॉपी पकडण्यात हयात गेलेल्या माणसाने हे विचारावं, हे बरोबरच आहे. कायद्याचं उत्तर गुंतागुंतीचं आहे. ब्रिटनमध्ये प्रक्षेपणावरचा हक्क ५० वर्षांनी संपतो, पण लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो. दोघांनी मिळून लिहिलं असेल तर जो मागून गेला त्याच्यापासून मोजायचं. स्टीफन्स १९५९च्या जानेवारीत वारले. मिलिगन २७ फेब्रुवारी २००२ रोजी. म्हणजे त्या संहिता २०७२च्या अखेरीपर्यंत राखीव. तेव्हा विकत मिळणारा भाग फुकट वाटणं समर्थनीय नाही, आणि जाणते चाहते ते करतही नाहीत. ‘हे सीडीवर मिळतं, विकत घ्या’ असं ते सांगतात.

पण मला नैतिक प्रश्न दुसरीकडेच दिसतो. ज्या प्रती नियमाप्रमाणे वागल्याने नष्ट झाल्या त्या गेल्या, आणि ज्या नियम मोडून कोणी माळ्यावर टाकल्या त्या २००१मध्ये बीबीसीनेच लोकांकडे मागितल्या. ‘ट्रेझर हंट’ या नावाने तिने जाहीर आवाहन केलं की आमचे हरवलेले कार्यक्रम तुमच्याकडे असतील तर द्या. लोकांनी दिले. चोराच्या घरी सावकार झोळी घेऊन गेला आणि चोराने झोळी भरली, असा हा प्रकार. तो अजून संपलेला नाही. त्याच काळातल्या ‘हॅन्कॉक्स हाफ अवर’ या मालिकेचा १९५५मध्ये वाजून गेलेला एक भाग २०२२ साली एका घरगुती ध्वनिमुद्रणातून हाती आला. त्यातही एका नटाच्या जागी ऐन वेळी उभे राहिलेले पीटर सेलर्स आहेत.

आणखी एक अडचण सांगितली पाहिजे, कारण तुमचा मुलगा ती ऐकेलच. या कार्यक्रमात लालकाका आणि बॅनर्जी अशी दोन हिंदी पात्रं येतात. पारशी आडनाव आणि बंगाली आडनाव एकाच दावणीला बांधणं हे छावणीतल्या पोराचंच काम. मिलिगन आणि सेलर्स त्यांचे हेल काढतात. सेलर्सही महायुद्धात हवाई दलाच्या करमणूक पथकातून हिंदुस्थानात फिरले होते, तेव्हा कान पक्का आहे. पण हसू सरळ येत नाही. कृष्णवर्णीय गायक रे एलिंग्टन यांच्या रंगावरचे विनोद तर आज कानाला बोचतात. ते कापावेत का? एकदा परदेशी गिऱ्हाइकासाठी कापलेलं जोडायला चाळीस वर्षं लागली. मी तरी पुन्हा कात्री हाती देणार नाही. बोचतं ते बोचू द्या, त्या काळाचा आवाज तोही आहे. लालकाका-बॅनर्जींचं मात्र एक आहे. त्यांच्या तोंडी ऐकू येतो तो पुण्याच्या कॅम्पातल्या एका गोऱ्या पोराचा कान, आणि त्या पोराला बराकीच्या अलीकडची गोरी माणसं पलीकडच्या काळ्या माणसांपेक्षा जास्त हास्यास्पद वाटत होती हे मेजर ब्लडनॉक ऐकला की कळतं.

प्रश्न (ता. क.) : माझं इंग्रजी पुस्तकी. कुठून सुरुवात करू?

उत्तर : ११ ऑक्टोबर १९५५चा ‘नेपोलियन्स पियानो’ ऐका. सगळे शब्द कळण्याची वाट बघू नका, त्या प्रेक्षकांनाही सगळं कळत नव्हतं. काही वेळा विनाकारण हशा ऐकू येईल, तेव्हा घाबरू नका. कार्यक्रम लंडनच्या थिएटरात लोकांसमोर ध्वनिमुद्रित व्हायचा आणि नट रंगमंचावर दिसण्यासारख्या खोड्या करत. त्या फितीवर नाहीत आणि कोणताही चाहता त्या परत आणू शकत नाही.

गोष्ट सोपी आहे. नेडी सीगूनला पाच पौंडांचं काम मिळतं, एक पियानो या खोलीतून त्या खोलीत हलवायचा. तो आनंदाने सही करतो. मग कळतं की ही खोली पॅरिसला आहे आणि ती खोली इंग्लंडला. परतीचा समुद्र तो पियानोवर बसून ओलांडतो. मुलाला सांगा, पुढच्या वेळी शेजाऱ्यांनी हा भाग लावला तर भरती-ओहोटीकडे लक्ष दे.